एकशे सत्तावीसची पाटी

डोळा लागतोय न लागतोय. दुपारचं जेवण अंगावर आलंय, म्हणून अण्णाच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झालोय, पाय दाराबाहेर. छातीवर कापडात गुंडाळलेली नंबरपाटी. झोप कसली येतेय म्हणा! उद्या सकाळी अकराला आरटीओचे साहेब गाडी बघायला येणार, आणि त्या कापडात आहे नुसता कोरा पत्रा. नंबर मी घालवलाय. घरात अजून कुणाला पत्ता नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आदगोंडा मगदूम. आमचे बाबा शाहूपुरीत गुळाचे अडते. त्यांनी छप्पन साली घेतलेली ही फियाट, नंबर एकशे सत्तावीस. बाबांच्या माघारी वीस वर्षं ती शेडमध्ये गंजत पडली. अण्णानं अकरा वर्षं खपून ती उभी केली, आणि गेल्या फाल्गुनात स्वतःच कायमचा आडवा झाला. त्याचा एकच हट्ट होता, गाडी रस्त्यावर येईल ती जुन्याच नंबरानं, बाबांच्या वेळच्या त्याच पाटीनं. कागद पुरात गेले. साहेब म्हणाले, निदान मूळ पाटी तरी दाखवा, नाहीतर नवा नंबर घ्या. पाटी पद्मा वहिनींनी कपाटात जपून ठेवलेली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात दिली. "भाऊजी, पूजेला मांडायची आहे. धूळ तेवढी झटका."

धूळ झटका म्हणाल्या. पण मी पडलो दीडशहाणा! समया, ताम्हन, घंटा घासायला कढत पाण्यात सोडा टाकला होता, त्यातच पाटी बुडवली. तासाभरानं काढून वर काथ्यानं घासली. म्हटलं, जन्मात कधी अण्णाच्या गाडीला हात लावला नाही, पाटी तरी लखलखीत करू. बघतो तर सगळा रंग पाण्यात, आणि हातात पत्रा. तसाच कापडात गुंडाळला, पाटी नाजूक झालीय असं सांगून कापडावरच हळदकुंकू वाहायला लावलं. दीड महिना झाला, तो उघडून बघायची हिंमत नाही झाली.

"पाय आत घे. दार लावायचंय," अण्णा म्हणतो.

मी पाय आत घेतो. तो पुढं स्टेअरिंगवर बसलाय, पांढरा हाफ शर्ट, मानेवर तीच जुनी चामखीळ. गेलेला माणूस गाडी चालवतोय, याचं मला काहीच वाटत नाही. भीती वाटते ती छातीवरच्या कापडाची.

"काय धरलायस रे भरमू?"

"काही नाही. डबा आहे."

"डबा आडवा धरतात व्हय?"

मी कापड छातीशी ओढतो. गाडीचा आवाज येत नाही, पण आम्ही चाललोय. खिडकीच्या काचेला रंकाळ्याचं पाणी लागलंय, निम्म्या काचेपर्यंत, आणि पाण्यापलीकडं गूळ मार्केटातल्या ढेपांच्या थप्प्या. एकाही ढेपेवर अडत्याचा शिक्का नाही. हमाल एकमेकांना विचारतायत, कुणाची ही, कुणाची? मला माहीत आहे, सगळ्या आमच्या आहेत. सांगायला तोंड उघडतो, पण आवाज फुटत नाही.

"उतर," अण्णा म्हणतो. "रांगेत उभा राहा."

मार्केटातच आरटीओची खिडकी आहे. माझ्या पुढं पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाच्या काखेत पत्रा. सगळ्यांचे नंबर काळ्यावर पांढरे, ठसठशीत. माझी पाळी येते. खिडकीतला माणूस वर न बघता विचारतो, "नंबर?"

आणि मला नंबर आठवत नाही. अहो, बोलायला लागलो तेव्हापासून पाठ असलेला नंबर! शाळेत वहीच्या मागं मी तो गिरवायचो. मी म्हणतो, साहेब, थांबा, सांगतो. बोटं मोडतो, डोळे मिटतो. मागची माणसं ढकलायला लागतात. "अहो, एक मिनिट द्या ओ! माझ्या भावाची गाडी आहे!" माणूस खिडकी लावून घेतो, आणि खिडकीच्या जागी पलंग आहे, दवाखान्यातला, लोखंडी. अण्णा त्यावर निजलाय. नाकात नळी.

"मुद्दाम केलंस काय?" तो विचारतो.

हेच. हेच ऐकायला लागू नये म्हणून दीड महिना मी नीट झोपलो नाही.

"अण्णा, आईशप्पथ, मुद्दाम नाही."

"आई गेली की. तिची कसली शपथ घेतोस?"

"मग तुझी घेतो."

"मी पण गेलोय."

"मग कुणाची घेऊ? सांग ना! कुणाची घेतली म्हणजे पटंल तुला?" मी पलंगाची कड धरून ओरडतो. रडू फुटलंय मला, सहासष्ट वर्षांच्या बाप्याला.

"भंगारवाल्याला दारात आणलंतंस तू. ह्याच गाडीसाठी."

"आणलं होतं. चुकलं माझं. चार वर्षं बोलला नाहीस तू माझ्याशी, अण्णा. तेवढ्यानं भागलं नाही?"

तो छताकडं बघत राहतो. दवाखान्यातही असाच बघायचा, आणि मी पायाशी उभा राहून पेरू खाणार का, मोसंबी खाणार का, असलं काहीबाही विचारायचो. माफी मागायची तेवढी राहून गेली. आज राहू दे, उद्या मागू, असं करत करत माणूस गेला.

"पाटी दे इकडं," तो म्हणतो.

मी कापड सोडतो. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलोय, शेजारी शेजारी. आत एक माणूस पाठमोरा बसून पत्र्यावर वाकलाय. टर्पेंटाइनचा वास. बाहेर बाबांची गाडी उभी आहे, कोरी करकरीत, पुढं पाटी नसलेली.

"तू तेव्हा जन्मला नव्हतास," अण्णा म्हणतो. "मी नऊ वर्षांचा. बाबांनी मला सोबत आणलं होतं. बघ, रंग लावायच्या आधी काय करायलाय तो."

पेंटरच्या हातात ब्रश नाही, दाभण आहे. तो पत्र्यावर आकडे कोरतोय, कर्र कर्र. अण्णा माझं बोट धरतो आणि कोऱ्या पत्र्यावर दाबतो. त्याचा हात थंड नाही की गरम नाही, पण जोर तोच, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा.

"दुखतंय, अण्णा."

"दुखू दे."

"पटलं का तुला? मुद्दाम नव्हतं रे. तुझ्यासाठीच घासत होतो."

"मला काय विचारतोस? मी काय आता कुठं जाणाराय, का येणाराय?" तो बोट खाली ओढतो, जोरात. "जी घरात आहे, तिला सांगितलंस काय?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

तो बोट आणखी दाबतो.

मी दचकून उठतो. गाडीत ऊन आलंय. शर्टाची बाही भिजलीय. कापड खाली पडलंय, पत्रा मांडीवर उघडा, आणि उजव्या हाताची तर्जनी टोकाशी चिरलीय. रक्त पत्र्यावर आलंय. पसरलंय थोडं, पण त्यातलं बरंचसं एका बारीक रेघेत उतरून बसलंय. आधी आडवी, मग तिरकी खाली. सात. मी पत्रा उन्हात तिरका धरतो. सातच्या डावीकडं दोन. त्याच्या डावीकडं एक. केसाएवढ्या रेघा, पण आहेत. रंगाबरोबर त्या गेल्या नव्हत्या. इतके दिवस मी कापडच उघडलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. साहेब ह्या ओरखड्यांना मूळ पाटी मानतील की हाकलून देतील, देव जाणे. पण बोटातनं रक्त गळत असताना मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चहा टाकत होत्या.

"वहिनी, पाटीवरचा नंबर मी घालवला. खंडेनवमीला, सोड्यात. दीड महिना तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी गॅस बंद केला. पत्रा हातात घेतला, सातावरनं अंगठा फिरवला. मी वाट बघत होतो, की शिव्या देतील, निदान रडतील तरी.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी मी त्यांच्या फोटोला सांगत होते, तुम्ही उगीच चार वर्षं त्याच्याशी अबोला धरलात, तुमचा नंबर भरमूनंच जपलाय."