म्हशीबद्दल दहा ओळी

आमच्या घरात सातवी पास झालेली मी एकटीच. नवरा पलटणीत होता, सासूबाई अंगठा उठवायच्या, आणि बाकीचं घर म्हणजे चार शेळ्या आणि एक म्हैस. त्यामुळे मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिच्या अभ्यासाचं काम कुणी न सांगता माझ्या गळ्यात पडलं. मी ते कसं सांभाळलं हे विचारू नये. पहिलीत ती काठावर पास झाली आणि दुसरीच्या सहामाहीला काठही सुटला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. निकाल ऐकून त्या भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "पुना त्याच वर्गात बसायचं आसंल तर घरात बसू दे. शेरडं तरी वळंल." आत्याबाई ओरडून बोलल्या की दुसऱ्या दिवशी विसरून जायच्या. हळू बोलल्या की ते व्हायचंच. हे त्या हळू बोलल्या होत्या, आणि मला भीती वाटली. पाटणकडे माझ्या माहेरी माझी धाकटी बहीण अशीच शेरडांमागं गेली होती. तिची पत्रं मला दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी अक्षरात यायची.

वार्षिक परीक्षा जवळ आली तसं गुरुजींनी फर्मान काढलं. शाळा तपासायला साहेब येणार होते. प्रत्येक मुलाने घरच्या एका प्राण्याचं निरीक्षण करायचं, वहीत दहा ओळी लिहायच्या आणि त्या प्राण्याचा नमुना करून आणायचा. त्याचे गुण परीक्षेत धरणार होते. आमच्या पोरीने म्हैस निवडली, आणि मी बऱ्याच महिन्यांनी जरा निश्चिंत झाले. म्हशीबद्दल कुणालाही दहा ओळी येतात.

ओळी मी सांगत होते. 'म्हैस हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे' इथपर्यंत तिने मुकाट लिहिलं. 'म्हैस गवत खाते' म्हटल्यावर पेन्सिल थांबली.

"आपली वाडं खाती," ती म्हणाली. वाडं म्हणजे उसाचे शेंडे. आमची म्हैस सहा महिने तेच खात होती.

"गवत लिही."

तिने गवत लिहिलं. मग मी सांगितलं, 'म्हैस आपल्याला दूध देते.'

"कुठं देती? आपण फसवून काढतोय."

हेही खरंच होतं. रेडकू मरून महिना झाला होता. पिल्लाशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून आमच्याकडे करतात तसं, रेडकाचं कातडं सोडवून, मीठ चोळून, आत पेंढा भरून शिवून घेतलं होतं. धारेच्या वेळी ते म्हशीपुढं ठेवायचं. म्हैस ते चाटत राहायची आणि आत्याबाई धार काढून घ्यायच्या. पेंढ्याचं रेडकू गोठ्यात आणून धरून बसायचं काम पोरीकडे होतं. तेवढा वेळ ती कुणाशी बोलत नसे.

"पुस्तकात आहे ते लिही," मी म्हणाले. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग नमुना. ओढ्याची काळी माती आणून मी स्वतःच बसले. बेंदराला पूजेचे मातीचे बैल करण्यात माझ्या माहेरी माझा हात कुणी धरत नसे, त्यामुळे मला चिंता नव्हती. तासाभराने पोर येऊन बघून गेली आणि परत आली.

"आये, ह्यो बैल हाय."

"म्हैस आहे."

"मग वशिंड?"

हात वर्षानुवर्षं बैलच करत आलेले, त्यांनी विचारलं नव्हतं. मी वशिंड दाबून बसवायला गेले तर पाठीला खड्डा पडला आणि मान निघून आली. नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचा होता.

सकाळी पोर म्हणाली, "पेंढ्याचं न्हेऊ?" मी हो म्हटलं. धारेच्या आत परत आण, असं बजावलं. आत्याबाई पहाटेची धार काढून उसाला पाणी द्यायला गेल्या होत्या. त्यांना सांगायचं काही कारण मला दिसलं नाही. पोर रेडकू डोक्यावर घेऊन, त्याचे पाय दोन्ही खांद्यांवरून पुढं ओढून, अर्धा कोस चालत गेली.

संध्याकाळी ती रिकाम्या हातांनी आली. गुरुजींना नमुना फार आवडला होता. साहेब उद्या येणार, म्हणून त्यांनी रेडकू वर्गात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली गुरुजींच्या खिशात होती आणि गुरुजी तासगावच्या एसटीत.

आत्याबाई चरवी घेऊन गोठ्यात बसल्या. "रेडकू कुठं हाय?"

मी सांगितलं. माझ्याच संमतीनं गेलं, हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कासेला हात लावला. म्हशीने पाय झाडला. कास तटलेली, म्हैस सारखी मान वळवून शोधत होती आणि रेकत होती. आत्याबाईंनी पेंड ठेवून पाहिली, पाठ खाजवून पाहिली. थेंब आला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी चरवी बाजूला ठेवली.

"झाली आता साळा," त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या.

पोर दारात उभी होती. तिने ते ऐकलं. ती आत आली, म्हशीच्या तोंडापुढं उकिडवी बसली आणि डोकं खाली घातलं. सकाळी त्या केसांना कातड्याचं मीठ आणि वास लागला होता, हे माझ्या लक्षात नंतर आलं. म्हशीने हुंगलं, फुरफुर केली, आणि कपाळापासून मानेपर्यंत तिला चाटलं. एक वेणी सुटली. पोरीने डोळे गच्च मिटले, पण हलली नाही. आत्याबाईंनी चरवी पुन्हा गुडघ्यांत धरली आणि धारेचा आवाज सुरू झाला.

मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

"आज्जे," पोर डोळे मिटूनच म्हणाली, "तिला वाटतंय का, मी रेडकूच हाय?"

"तिला समदं ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "रेडकू मेलं ते बी ठावं हाय. पर तिला कुणाला तरी चाटायचं आसतंय."

चरवी भरत आली. धार संपवून त्या उठल्या, पदराने पोरीचं तोंड पुसलं, केसांना हात लावला नाही.

"उद्या साळंत जाशील तवा डोस्कं धुवू नगंस," त्या म्हणाल्या. "त्यो गुरुजी रेडकू कवा परत देतोय, कुणाला ठावं."