तीन सिलेंडरवर सौंसरपर्यंत

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी सौंसरला होमगार्डमध्ये होते. हुद्दा सैनिक. खाकी साडी, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुष्कळ होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. त्या वर्षी आमच्या प्लाटूनची ड्युटी तिथं लागली. मला जखमींच्या गाडीवर टाकलं. फर्स्ट एडची पेटी सांभाळायची, पट्ट्या बांधायच्या.

गोटमार अशी असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंड्यासाठी माणसं पाण्यात शिरतात आणि समोरून दगड येतात. दिवसभर येतात. ज्याला लागलं तो जखमेत हळद दाबतो, फडकं बांधतो आणि पुन्हा नदीत उतरतो. दवाखान्यात गेला तर त्याला वर्षभर हसतात.

आमची गाडी म्हणजे फौजेनं काढून टाकलेली पेट्रोल जीप. चालक नायक शामराव, गाव रामाकोना. तेही फौजेतूनच आलेले. तोफखान्यात गाडी चालवून त्यांचा उजवा कान गेला होता, डावा अर्धा राहिला होता. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. जीपच्या इंजिनातून पोळ्याच्या आधीपासून खट् खट् आवाज येत होता. उस्तादांना तो कानानं नाही, पायाखालून कळला. त्यांनी खालचं झाकण उघडून पाहिलं. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं बेरिंग झिजलं होतं. नवीन बेरिंग नागपूरहून यायचं होतं, ते आलं नाही.

"चालते ना?" सकाळी कमांडर साहेबांनी विचारलं.

"चालते साहेब. पण रॉड तुटला तर इंजिन फोडून बाहेर येईल."

"दुसरी गाडी नाही आज. हळू चालवा."

"हौ साहेब."

पांढुर्ण्यात शिरलो तेव्हा ओट्यावरची पोरं ओरडली, "चक्की आली बे, दळण आणा." लोक हसले. उस्तादही हसले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

दुपारनंतर पोलिसांच्या वायरलेसवर बोलणं आलं.

"नदीकाठ. एक सीरियस. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी निघाली. ओव्हर."

जखमी देविदास, विशीतला. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. त्याचा मोठा भाऊ गजानन त्याला पाठीवर घेऊन पळत आला. आम्ही त्याला मागं आडवा करत होतो तेव्हा एक दगड आला आणि उस्तादांच्या डाव्या कानाच्या वर बसला. ते खाली बसले, मग उठले. मी पेटी उघडली.

"ते औषध नको, जळते लय. हळद पाय कोणाजवळ."

एका बाईनं दारातून मूठभर हळद दिली. त्यांनी ती दाबली, वरून रुमाल बांधला, टोपी घातली. "झालं. बस वं." त्या दिवशी गावातलं प्रत्येक दुसरं डोकं असंच बांधलेलं होतं.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी देविदासची पट्टी बांधली. रक्त थांबेना, म्हणून म्हणाले, ताबडतोब सौंसरला न्या.

निघालो. गाव सुटल्यावर चढ लागला आणि आवाज वाढला. आता कोणी हातोडा मारावा तसा येत होता. मी देविदासची मांडी दाबून बसले होते. माझी बोटं चिकट झाली होती.

"थांबू नका ना उस्ताद," गजानन म्हणाला. "हा थंडा पडून राहिला."

उस्तादांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, बोनेट उघडलं.

"गज्या, तू मांडी दाब. कुसुम, खाली ये. तुह्ये कान चांगले हायेत."

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. "मी एकेका प्लगची वायर काढतो. ज्यानं आवाज दबला तो नंबर सांग. त्या सिलेंडरचा जोर बंद केला म्हणजे रॉडवर मार कमी पडते. नंबर चुकला तर रॉड गेला, अन् हा पोरगा इथंच."

त्यांनी पहिली वायर काढली. आवाज तेवढाच. ती लावून दुसरी काढली. इंजिन हललं, आवाज तेवढाच. तिसरी काढली. मला वाटलं आवाज खाली गेला. पण वाटलं म्हणजे काय? माझ्याच छातीचं ठोकणं कानात येत होतं. मी चारचौघांत कधी पटकन उत्तर दिलेलं नाही. मागून देविदास पाणी मागत होता.

"पुन्हा लावा," मी म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले. "उस्ताद, पुन्हा लावा."

त्यांनी लावली, काढली. हातोडा आला, गेला.

"तीन नंबर."

"पक्कं?"

"पक्कं."

वायर पट्टीच्या तुकड्यानं बाजूला बांधली. बोनेट टाकून उस्ताद बाभळीमागं गेले आणि ओकले. आल्यावर म्हणाले, "ऊन लागलं." मी वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं.

मी मागं चढून पुन्हा मांडी दाबली. गाडी तीन सिलेंडरवर थरथरत निघाली. खट् खट् होतं, पण दबलेलं. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे मागं जात होते, फार हळू.

"कोणता नंबर काढला?" उस्तादांनी विचारलं.

"तीन."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "कोणता काढला वं?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी मोठ्यानं सांगितलं. सौंसरच्या अलीकडे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडे गेली. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी सरळ केली. मी इतकी भ्याले की देविदासची मांडी मी दोन्ही हातांनी आवळली. तो कण्हला. म्हणजे जिवंत होता.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. देविदासला स्ट्रेचरवर आत नेलं. मी हात धुऊन उस्तादांना चहाला बोलवायला बाहेर आले. किल्ली बंद होती. हँडब्रेक ओढलेला होता. त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर होतं. रुमालाखालून कानात रक्त आलं होतं. डॉक्टर धावत आले, नाडी पाहिली आणि उस्तादांची टोपी काढून माझ्याकडे दिली.

देविदास वाचला. लंगडत चालतो.

रामाकोन्याला सांगायला कमांडर साहेब मलाही घेऊन गेले, बाईमाणूस बरोबर असावं म्हणून. उस्तादांच्या पत्नी अंगणात तूर पाखडत होत्या. साहेबांनी टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं. वहिनींनी सूप खाली ठेवलं.

मग विचारलं, "गाडी चालून राहिली होती काय?"

"नाही वहिनी. दवाखान्यासमोर उभी केली. हँडब्रेक ओढला. मग."

"मागं कोण होतं?"

"एक जखमी. त्याचा भाऊ. आणि मी."

त्यांनी माझ्या हातांकडे, पायांकडे पाहिलं. कुठं लागलंय का ते पाहत होत्या. नाही लागलेलं दिसलं तेव्हा पदर तोंडाला लावला आणि रडल्या.