वंदनाताईंचा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पेजवरच्या मैत्रिणींना तर नाहीच.

मी चिखलीत शिक्षिका. बायकांच्या हक्कांसाठी फेसबुकवर पेज चालवते. ते अजून चालू आहे — हेही सांगायला हवं.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी अमडापूरला वंदनाताई भेटल्या. नवरा वारलेला, एक मुलगी. पेरणीपासून वेचणीपर्यंत शेत त्याच करायच्या, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. खूप मिनतवाऱ्या केल्यावर म्हातारा दोन एकर लिहून द्यायला तयार झाला होता. किडकी बोंडं निवडता निवडता त्यांनी सगळं सांगितलं. मी फोटो काढला तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, आत्ताच टाकू नका. एकदा कागद होऊ द्या, मंग सांगा साऱ्या दुनियेले."

मी हो म्हटलं.

आणि त्याच संध्याकाळी टाकलं. फोटो, गाव, सासऱ्याचं नाव — सगळं. का? तेव्हा जो तो बोंडअळीवर लिहीत होता, बायांवर कुणी लिहीत नव्हतं. विषय थंड व्हायच्या आत आपण लिहावं, असं वाटलं. एवढंच? नाही. फोटो फार चांगला आला होता.

पोस्ट हजारो जणांनी पुढे पाठवली. सुनेनंच आपली बदनामी केली असं म्हणत म्हाताऱ्यानं कागद करायचं नाकारलं.

पण मला जे सांगायचंय ते याच्यापुढचं आहे.

आठवड्याभरानं वंदनाताईंनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर सासरा, दीर, गावातली दोन मोठी माणसं. त्या दाराशी उभ्या होत्या. "मॅडम, सांगा यायले. मी टाकू नका म्हणली होती न?"

एक शब्द पुरे होता. हो. पण पेजवर मीच मोठ्या तोऱ्यात लिहायचे — बाईच्या संमतीशिवाय आम्ही काही टाकत नाही. ते खोटं ठरलं असतं. बाहेर कळलं असतं. मी म्हटलं, "त्यांनी परवानगी दिली होती."

वंदनाताईंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "हाव. म्हणली असन मीच."

त्या खोटं बोलल्या — माझ्यासाठी? की मी गेल्यावर त्यांच्या बाजूचं कुणीच उरणार नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं? मी विचारलं नाही. चहा न घेता निघाले.

मुलीला सासऱ्यानं ठेवून घेतलं. वंदनाताई साखरखेर्ड्याला भावाकडे गेल्या, आता दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचतात. त्यांचे दोन-तीन फोन आले. मी उचलले नाहीत. मग यायचे थांबले.

त्या पोस्टखाली अजूनही बाया लिहितात — ताई, तुमच्यामुळे हिंमत आली. मी प्रत्येकीला उत्तर देते.