कॉफीबरोबरची गोळी

माझी धाकटी जाऊ अंबुजा काहीही लिहून ठेवत नसे. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. तेव्हा गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघत होते, तसा तिनंही रस्त्याकडच्या खोलीत एक काढला होता. गिऱ्हाईक आत शिरलं की ती विचारी, "त्रिचीची बहीण का मद्रासचा मुलगा?" आणि नंबर स्वतःच लावून देई. गल्लीतल्या सगळ्यांच्या नातेवाइकांचे नंबर तिच्या डोक्यात होते. मी कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क. स्वयंपाकघराच्या दाराला आतून माझ्या याद्या चिकटवलेल्या असत: दूध, इस्त्री, सासूबाईंची औषधं, मुलीच्या परीक्षा. अंबूला देवनागरी वाचता येत नव्हती; आमच्या तंजावुरी मराठी घरांतून पुष्कळांना येत नाही. यादीवरून नजर फिरवून ती हसे. "अक्का, इतकं लिहाचं कशाला? लागेल तेव्हा आठवतं की." मला चीड यायची ती याची, की तिला खरोखरच आठवत असे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी अचानक बारीक होऊ लागले. ब्लाउजना टीप घालावी लागली, साडीच्या निऱ्या दोन जास्त पडू लागल्या. अंबू अंगानं भरलेली. ती म्हणाली, "अय्यो अक्का, मजपेक्षा दुप्पट जेवतेस, ते जातं कुठं?" एकदा तरी तिला माझा हेवा वाटतो आहे, या आनंदात मी दोन महिने काढले. मग हात थरथरू लागले. जिना चढून कचेरीत पोचले की छाती धडधडे. शिपायावर, मुलीवर, कोणावरही ओरडे. शेवटी एक दिवस यादी लिहायला बसले, तर माझं अक्षर मलाच लागेना.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नको इतकं काम करत होती, आणि त्याच्या जोडीला रक्त कमी, लोह कमी, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वही कमी. डॉक्टर म्हणाले, "गाठ मोठी आहे, काढावी लागेल. पण आधी गोळ्यांनी थायरॉइड शांत करायची आणि रक्त वाढवायचं. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय सर्जन सुरी उचलणार नाहीत." तोवर जड काम नाही, चुलीपुढे उभं राहणं नाही. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं आठवड्याला एक, बाकी सगळ्या गोळ्या.

मी घरी येऊन यादी केली. आमच्या घरात काहीही चुकेल, पण सकाळी सहाची कॉफी चुकणार नाही. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा ती वेळेवर झाली होती. तेव्हा सकाळच्या सगळ्या गोळ्या मी कॉफीला बांधून टाकल्या: थायरॉइडची, छातीच्या धडधडीची, लोहाची. डवऱ्यातून, त्या पसरट वाटीतून, पेल्यात कॉफी ओतायची, एक घोट, एक गोळी, दुसरा घोट, दुसरी गोळी. एकही दिवस चुकले नाही. रोज यादीवर खूण करत होते.

स्वयंपाकघर अंबूकडे गेलं. ती बूथ आणि चूल दोन्ही सांभाळी. मध्येच कोणी हाक मारली की पळी हातात घेऊनच नंबर लावायला जाई. मी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, तिनं सगळे डबे आपल्या मर्जीनं हलवले, आणि तरी तिला हवं ते सापडे. माझी सोळा वर्षांची सुमती तिच्याकडून वेणी घालून घेऊ लागली. एके दुपारी जेवताना ती म्हणाली, "आई, रागावू नकोस हं, पण काकीचं सार तुझ्याहून छान होतं."

"तिच्या माहेरचा, तिरुवैयारुचा हात आहे तो," आमचे हे म्हणाले, "कावेरीच्या पाण्याचा." आणि त्यांनी वाटी पुढे केली.

मी पान अर्धं टाकून उठले. आजारामुळे अन्न जात नाही, असं सगळ्यांना वाटलं. मी तसं वाटू दिलं.

दोन महिन्यांनी नाडी शांत झाली, वजन थोडं चढलं, हातही बराच स्थिर झाला. रक्त मात्र होतं तिथंच. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोळ्या घेता ना नीट?" मी पर्समधून खुणांची यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, असंच राहिलं तर बाहेरचं रक्त चढवावं लागेल, आणि ऑपरेशन पुढे जाईल. मी घाबरले ते रक्ताला किंवा सुरीला नव्हे. पुढे जाईल म्हणजे किती? तोवर माझ्या घरात माझं काय उरेल?

त्याच आठवड्यात अंबू माझ्याशेजारी येऊन बसली. "अक्का, ती लाल गोळी तू कॉफीनं घेतेस ना?"

"यादीत आहे तसं घेते."

"आज बूथवर गल्लीतली ती नर्स आली होती, त्रिचीच्या बहिणीला फोन लावाला. बहीण गरोदर आहे. तिला ही अशी ओरडली! 'लोहाची गोळी कॉफीनं घेतेस? मग गटारात टाक, तितकाच उपयोग!' कॉफीनं ती अंगी लागत नाही म्हणे. मधे दोन तास पाहिजेत. लिंबाच्या पाण्यानं घ्याची."

"तू गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकतेस?"

"काचेचं दार धड लागत नाही, अक्का. कान काढून कुठं ठेवू?"

 दुसऱ्या दिवशी लोहाची पट्टी कचेरीच्या पिशवीत टाकली आणि अकरा वाजता लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतली. घरात कोणाला सांगितलं नाही. अंबूनं विचारलं नाही. पण तिसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात आवळ्याची फोड येऊ लागली, आणि दिवसाआड शेवग्याच्या पाल्याची भाजी.

पुढच्या तपासणीला ती माझ्यासोबत आली होती. हिमोग्लोबिन चढलं होतं. दहाला थोडंच कमी. डॉक्टर खूश झाले. "काय बदललंत?"

अंबू शेजारच्या स्टुलावर होती. मी म्हणाले, "मी माझी यादी पुन्हा तपासली. कॉफीबरोबर लोह घेत होते, ती चूक मला सापडली."

"शाबास! तुमच्यासारखे पेशंट असतील तर आम्हाला काम काय?"

"आमची अक्का फार हुशार, डॉक्टर," अंबू म्हणाली. मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि मी आमच्या गल्लीपर्यंत स्वतःशी भांडत आले.

ऑपरेशन झालं, नीट झालं. मी चुलीपाशी परतले, डबे पुन्हा जागेवर लावले. वर्षभरात माझ्या दिराची कोइंबतुरला बदली झाली आणि अंबूनं बूथ बंद केला. इतक्या दिवसांत मला तिच्याशी बोलायला जमलं नव्हतं. स्टेशनवर सामान चढवून झालं, सुमती रडून झाली, तेव्हा मी खिडकीशी गेले.

"अंबू, डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

"कोणते डॉक्टर?" मग तिला आठवलं. "हां, ते! मज ठाऊक आहे की. मी तिथंच होते ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं स्वयंपाकघर मजकडे आलं होतं. पोर मजजवळ झोपत होती. भावोजी माझं सार मागून घेत होते. तू नुसती खुर्चीवर बसून आम्हांस पाहत होतीस, अक्का. म्हटलं, एवढं एक तरी तुजकडे राहू दे."

म्हणजे तिनं पाहिलं होतं. अर्ध्या टाकलेल्या पानाला ती आजार समजली नव्हती. मी काही म्हणायच्या आत गाडी हलली. "लोह अजून दोन महिने घे, सोडू नकोस!" ती ओरडली. सुमती हात हलवत खिडकीबरोबर धावत गेली. मी तिथंच उभी होते, आणि जन्मात कोणाचा वाटला नसेल इतका हेवा मला त्या बाईचा वाटत होता.