साबणबाईंचा पासवर्ड

साबणबाईंच्या पासवर्डात कॉलेजातल्या कुणा जुन्या ‘ओळखी’चा फोन नंबर आहे, अशी कुजबुज रक्त तपासायच्या लॅबमध्ये बरीच वर्षं टिकली. विचारलं की बाई लालबुंद व्हायच्या. मग लोकांनी समजायचं तरी काय?

बाईंचं काम रिपोर्ट छापायचं. दिवसातून वीसदा हात धुवायच्या, म्हणून साबणबाई. आणि नशिबी कॉम्प्युटर आला तो चाटूभाऊबरोबर वाटून वापरायचा. हा गृहस्थ कागद उलटायला बोट चाटायचा, त्याच बोटानं कीबोर्ड बडवायचा, वर चहात भिजलेलं बिस्कीट त्याच्यावरच सांडायचा. एवढी किळस पुरेशी नव्हती म्हणून की काय, पेशंटचे रांगेतले रिपोर्ट रद्द करून स्वतःची ‘खोली भाड्याने देणे’ पत्रकं आधी छापायचा. त्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचा कारभार म्हणजे मोकळं रान होतं.

शेवटी साहेबांना विचारून बाईंनी प्रिंटरला पासवर्डाचं कुलूप घालायचं ठरवलं. टेक्निशियननं फोनवर सांगितलं, कारभारी म्हणून फक्त तुमचं नाव ठेवा, पासवर्ड दोनदा टाका, पडद्यावर एक टिंबही दिसणार नाही, घाबरू नका. बाईंनी नाकाला रुमाल लावून, एका बोटानं, श्वास रोखून टाकला. जमलं. मग स्पिरिट घेऊन कीबोर्ड घासला. सातच्या बटणाखाली बिस्किटाचा काळा लगदा चिकटला होता. लगद्यात एक केस. दोन्ही खरवडून काढले.

दुसऱ्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि रांग थांबली. कागद काढला, तरी पासवर्डाशिवाय पुढे हलेना. आत एका म्हाताऱ्याच्या रक्तगटाचा रिपोर्ट, आणि वरच्या मजल्यावर त्याचं ऑपरेशन खोळंबलेलं. बाईंनी पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचाच. साहेब दारात येऊन उभे राहिले.

“सांगून टाका हो बाई,” चाटूभाऊ म्हणाला, “आम्ही काय घरी कळवणार आहोत?”

बाईंना तो लगदा आठवला. म्हणजे काल पासवर्ड टाकताना सात उमटलाच नव्हता! त्यांनी सात गाळून बाकीचे आकडे टाकले. रिपोर्ट बाहेर आला, धावत वर गेला.

“कुणाचा नंबर होता?” चाटूभाऊनं बोट चाटत विचारलं.

बाई लाल होऊन बेसिनकडे पळाल्या.

नंबर त्यांच्या माहेरचा होता. त्यातले दोन सात चाटूभाऊच्या थुंकी-बिस्किटात अडकले होते, आणि बाईंना लाज नव्हे, ओकारी येत होती.