सलीमभाईंच्या कॅफेतला संथ ब्राउझर

नेट कॅफे चालवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते खुर्च्यांखाली साठतात, झाडायला गेलं की निघतात! सलीमभाई आणि मी, आम्ही दोघांनी लातूरला क्लासेसच्या गल्लीत कॅफे टाकला होता. गिऱ्हाईक सगळं बाहेरगावचं, डॉक्टर व्हायला आलेलं. त्यातला एकच आठवडा सांगतो.

सोमवारी सकाळी सगळ्या मशीनवरचा ब्राउझर आपोआप अपडेट झाला. आणि बसला! काहीही उघडा, पडद्यावर नुसतं गोल फिरून राहिलंय. सलीमभाई बघत राहिले, मग म्हणाले, "कांबळे, पोरगं वरच्या वर्गात गेलं आन् पाढेच विसरलं की हो!"

*

नांदेडला आमचा एक दोस्त कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आधी मशीन बंद करा, मग चालू करा."

सलीमभाई म्हणाले, "बंद करायचं काम लाइटवाले रोज करून राहिलेत, भाऊ. तू पुढचं सांग!"

*

शेजारच्या मेसच्या शकुंतलामावशी फोन रिचार्ज करायला आल्या. पोरं मशीनसमोर डोकं धरून बसलेली. मावशी भडकल्या. "नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, त्याला कुणी बोलत न्हाई. अन् ह्या डब्यात पान उघडंना, तर रडायलीत!"

कोपऱ्यातली एक पोरगी मान वर न करता म्हणाली, "मावशी, पाण्याचा पेपर नसतो."

 त्या दिवशी मेसच्या डब्यात तिला एक पोळी जास्त आली.

*

दोस्तानं पुढचा उपाय सांगितला, जुना साठा पुसा. हिस्ट्री, कॅशे, सगळं. पुसायच्या आधी सलीमभाईंनी हिस्ट्री उघडली. पोरांनी काय काय शोधलं होतं!

'महिन्यात पूर्ण बायोलॉजी.' 'झोप कमी कशी करावी.' मग खाली, 'क्लास सोडला तर फी परत मिळते का.' आणि त्याच्याखाली, 'वडिलांना कसं सांगावं.' ते एकदा नव्हतं. पुन्हा पुन्हा होतं, वेगवेगळ्या मशीनवर.

सलीमभाईंचं बोट माऊसवर तसंच थांबलं. मी म्हणालो, "पुसा."

त्यांनी पुसलं. म्हणाले, "मशीनचं तर गेलं."

ब्राउझर होता तसाच संथ.

*

हिमायतनगरचा प्रवीण तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होता. सराव परीक्षा आमच्याकडेच द्यायचा. त्या आठवड्यात प्रश्न उघडेना, वरचं घड्याळ मात्र धावत होतं. वेळ संपली तेव्हा निम्मे प्रश्न त्यानं पाहिलेच नव्हते.

मी म्हणालो, "सॉरी रे."

तो दप्तर उचलून हसला. "घड्याळ तेवढं अपडेट झालं न्हाई वाटतं, सर!"

*

शेवटी खोड सापडली. लक्ष विचलित होऊ नये म्हणून पोरांनी ब्राउझरला नाना तऱ्हेची एक्स्टेन्शन्स जोडली होती. एक साइट अडवणारं, एक वेळ मोजणारं, एक टोमणे मारणारं! अपडेटनंतर ती सगळी एकमेकांच्या पायात पाय घालत होती. काढून टाकली आणि ब्राउझर पळायला लागला.

सलीमभाई म्हणाले, "लक्ष लागायची औषधं इतकी झाली, की मशीनचंच डोकं फिरलं!"

*

पुढच्या सराव परीक्षेलाही प्रवीणला कमीच मार्क पडले. त्याच्या वडिलांचा गावाहून फोन आला. "पोरगं म्हणतंय मशीन हळू हाय. खरं हाय का?"

सलीमभाईंनी समोर पाहिलं. पानं फटाफटा उघडत होती.

"हाव काका," ते म्हणाले. "लई हळू हाय."

"मग हुशार हाय म्हणायचं माझं पोरगं!"

फोन ठेवल्यावर सलीमभाई बराच वेळ काउंटर पुसत होते.

*

आणि भानुदासकाका. औसा तालुक्यातले. त्यांचं जुनं गाव भूकंपात गेलं होतं, काकूही त्यातच गेल्या. ते राहायचे पुनर्वसनातल्या घरात. नात आमच्या गल्लीत क्लासला होती. तिला डबा दिला की ते आमच्याकडे येऊन बसायचे आणि म्हणायचे, "सलीमभाई, गाव दाखवा."

सलीमभाई उपग्रहाचा नकाशा काढून जुन्या गावाची जागा दाखवायचे.

त्या संथ आठवड्यात नकाशा एकदम येईना. आधी सगळा पडदा राखाडी, मग एकेक चौकोन भरायचा. काका त्या राखाडी चौकोनांवर बोट ठेवून सांगत बसले. "हितं मारुतीचं देऊळ. त्याच्या मागं आमचं घर. हा वट्टा. तुमची काकू हितंच बसायची निवडत." तेवढ्यात चौकोन भरायचा आणि बोटाखाली बाभळी अन् दगड दिसायचे. काका बोट उचलून पुढच्या राखाडी चौकोनावर न्यायचे. "हितं आड होता..."

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा ब्राउझर दुरुस्त झाला होता. सलीमभाई खुशीत म्हणाले, "काका, आता बघा!"

क्लिक केलं. सगळं गाव एकदम आलं.

काकांचं बोट वर उचललेलंच राहिलं. ते म्हणाले, "सलीमभाई, ते पयल्यावानी करता येतंय का?"