नणंदबाईंनी पेन्सिल खाली ठेवली

माझ्या थोरल्या नणंदबाईंइतक्या अदबीनं ‘नाही’ म्हणणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झालं नसेल, आणि मुंबईत तरी झालं असेल याची मला शंकाच आहे. लोक ‘नाही’ म्हणताना आवाज चढवतात, निदान कपाळाला आठ्या घालतात. ताईंचा आवाज उलट खाली यायचा. चष्मा नाकावर नीट बसवायचा, पदर खांद्यावर सारखा करायचा, आणि समोरच्याला आनंदाची बातमी द्यावी तशा सुरात म्हणायचं, “ते काही माझ्याच्यानं होणार नाही.” एवढं बोलून झालं की विषय संपला. मग नात्यातले मध्यस्थ येवोत, युनियनचे पुढारी येवोत, नाहीतर खुद्द कारखान्याचे जनरल मॅनेजर येवोत. ताई त्यांना बसायला खुर्ची देत, पाणी विचारत, पण ‘नाही’चं ‘हो’ काही करत नसत.

या जनरल मॅनेजरांच्याच त्या सेक्रेटरी होत्या. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. सातपूरला शेतं जाऊन एकामागून एक कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, आणि सेक्रेटरी म्हणजे नेमकं काय हे गावाला सिनेमापुरतंच ठाऊक होतं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत बायका त्यांना मागून ‘साहेबाची बाई’ म्हणायच्या. एकदा ते ताईंच्या कानावर गेलं. त्या नळावर गेल्या, हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “साहेबाची नाही, कंपनीची. आणि बाई नाही, सेक्रेटरी. आपल्याकडे याला चिटणीस म्हणतात. मराठेशाहीत चिटणीस पालखीतून जायचे, तुम्ही मला निदान नळावर तरी नंबर द्या.” त्यांचं पुढचं म्हणणं ऐकायला पाणी संपेपर्यंत थांबावं लागे. हे काम मुळात पुरुषांचं. राजेलोकांची गुपितं सांभाळणारा तो सेक्रेटरी. पुढे विलायतेत टाईपरायटर निघाला, बायका कमी पगारात मिळतात हे मालकांच्या ध्यानात आलं, आणि खुर्चीवरचा पुरुष उठून बाई बसली. “काम तेच राहिलं,” ताई म्हणायच्या, “फक्त बाई बसल्याबरोबर त्या कामात चहा देणं घुसलं.”

हे सगळं ज्ञान त्यांना कुठून मिळायचं? काही वाचनालयातून, आणि बाकीचं उर्सुलाकडून. कारखान्याचा एका जर्मन कंपनीशी करार होता, त्यामुळे साहेबांच्या केबिनबाहेर टेलेक्सचं मशीन होतं. इकडे टाईप केलं की तिकडे जर्मनीत अक्षरं उमटत. तिकडच्या साहेबांची सेक्रेटरी उर्सुला. दोघींचं इंग्रजी धंद्यापुरतं. पण मालाचा आणि बोटीचा मजकूर संपला की शेवटी दोन ओळी एकमेकींसाठी असत. तिकडे सेक्रेटरी व्हायला रीतसर शाळा असते, हे उर्सुलानं कळवलं. आत्ताआत्तापर्यंत घरची कामं सांभाळूनच बायकोनं नोकरी करावी असं तिथल्या कायद्यातच लिहिलं होतं, हेही तिनंच कळवलं. जपानातल्या ऑफिसात मुलीचं लग्न ठरलं की फुलं देऊन नोकरीतून निरोप देतात, ही बातमीसुद्धा जर्मनीमार्गे नाशिकला आली. ताई ती जेवताना घरच्यांना सांगत. “उर्सुला म्हणते” अशी सुरुवात झाली की माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ, भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत बसत. त्यांना वाटे, ही उर्सुला इथंच नाशिकजवळ ओझरला वगैरे राहत असावी.

चहाचा प्रसंग मी कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले त्याच्या आधीचा, पण इतक्या जणांकडून ऐकलाय की पाहिल्यासारखाच आहे. मुंबईहून पाहुणे आले होते आणि शिपाई रजेवर होता. साहेबांनी बेल वाजवून ताईंना सहज सांगितलं, “जरा चार चहा आणा.” ताईंनी चष्मा बसवला. “ते काही माझ्याच्यानं होणार नाही, सर. कँटीनला फोन करते.” पाहुणे गेल्यावर साहेबांनी विचारलं, एवढं काय बिघडलं असतं? ताई म्हणाल्या, “माझी आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. तिचा कप कानतुटका होता आणि तो ओट्याबाहेर कोनाड्यात असायचा. ती स्वतःच तो धुऊन ठेवायची. मला शाळेत घालताना तिनं एकच सांगितलं होतं, कुणाच्या कपबश्या उचलू नकोस. तेवढं सोडून काय सांगाल ते करीन.” साहेबांनी पुढची फाइल ओढली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना कुणी कधी ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं.

ऑफिसातलं शॉर्टहँड ताई घरीही घेऊन येत. बोलणं ऐकलं की त्यांची बोटं आपोआप चालत. मांडीवर, पाटावर, हवेत, लग्नात पाहुण्यांची भाषणं चालू असताना शेजारणीच्या पाठीवर. घरात भांडण लागलं की त्या शांतपणे पेन्सिल काढून कोपऱ्यात बसत. अर्ध्या तासानं सासरे म्हणत, “मी असं बोललोच नाही.” मग ताई चष्मा सावरून वाचून दाखवत, “बाबा म्हणाले, तुझ्या भावाला सात जन्मांत अक्कल येणार नाही. त्यावर आई म्हणाली, तुमच्याकडून उसनी घेईल. त्यानंतर पातेलं पडलं.” पातेलं पडल्याचीसुद्धा नोंद. आपलेच शब्द इतक्या सपाट आवाजात ऐकल्यावर माणसाला पुढे भांडायची लाज वाटते. आमच्या घरात भांडणं कमी झाली ती समजूतदारपणानं नव्हे, ताईंच्या भीतीनं.

त्यांना बघायला मुलं आली नाहीत असं नाही. इगतपुरीहून आलेल्या एका स्थळाची गोष्ट सासूबाई पुढे कितीतरी वर्षं कपाळावर हात मारून सांगायच्या. मुलानं विचारलं, “लग्नानंतर नोकरी सोडाल ना?” ताईंनी ते आधी लिहून घेतलं आणि मग विचारलं, “आपण सोडणार आहात का? नाही, दोघांपैकी कुणी सोडायची असेल तर कुणाचं काम जास्त चांगलं आहे ते बघावं लागेल. आपलं टायपिंगचं स्पीड किती?” मुलगा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तो पोहे अर्धे टाकून उठला. ताईंनी त्याला स्टेशनपर्यंतच्या बसची वेळ सांगितली.

आमचं लग्नही त्यांनीच जमवलं. मी कळवणकडची. वडिलांनी मला नाशिकला मामाकडे ठेवून टायपिंग शिकवलं होतं. कारखान्यात लागून वर्ष झालं असेल, तेव्हा ताईंनी घरी धाकट्या भावाला सांगितलं, “आमच्याकडे एक मुलगी आहे. टायपिंग स्वच्छ आहे, चुकलं तर कबूल करते, बोलणी खाल्ली तर रडत नाही. तुला झेपेल.” एवढ्या शिफारशीवर ते मला पाहायला आले. माझे वडील ताईंना भेटून गेले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई लय कडक हाय. पण तिच्या घरात तुला कोणी वाकडं बोलायचं नाय.”

साखरपुड्याचे पेढे मी ऑफिसात वाटले आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. लग्न ठरलं की ऑफिसातल्या मुलीनं राजीनामा द्यायचा, असा तिथला रिवाज होता. माझ्याआधी दोघीतिघी गेल्या होत्या. कुणी काही बोललं नव्हतं. मला वाटलं होतं, ताईंची होणारी भावजय म्हटल्यावर डोळेझाक होईल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना डिक्टेशनसाठी आत बोलावलं. केबिनचं दार उघडं होतं, आणि माझं टेबल दाराला लागूनच. साहेबांनी सुरुवात केली. माझं नाव, माझा पत्ता, होऊ घातलेल्या विवाहाबद्दल अभिनंदन, आणि त्या कारणानं अमुक तारखेपासून सेवा समाप्त.

मी टायपिंग थांबवलं. आतही पेन्सिलीची खरखर थांबली होती. ताईंनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

“हे पत्र माझ्याच्यानं घेतलं जाणार नाही, सर.”

“ती तुमच्या घरात येणार आहे म्हणून?”

“नाही. आधीच्या मुलींची पत्रं मी घेतली. ती घ्यायला नको होती. हे चौथं आहे.”

“कंपनीचा नियम आहे, मी काय करू?”

“नियम कुठं लिहिलाय ते दाखवा. फाइली सगळ्या माझ्याकडेच आहेत. मला सापडला नाही.”

“लिहिलेला नाही. पण लग्न झालं की कामावरून लक्ष उडतं, हा अनुभव आहे.”

“सर, आपलंही लग्न झालंय.”

“माझ्या कामात काही फरक पडलेला नाही.”

“ते मला विचारा,” ताई हळू आवाजात म्हणाल्या.

साहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि नायर नावाच्या दुसऱ्या स्टेनोला बोलावलं. नायर अतिशय पापभीरू मनुष्य. तो बाथरूममध्ये गेला आणि उजव्या हाताला रुमाल गुंडाळून आला. हिंदीत म्हणाला, मनगट मुरगळलंय, सर, सकाळपासून. सकाळपासून तो तडातडा टाईप करत होता हे सगळ्या ऑफिसनं पाहिलं होतं. शेवटी साहेबांनी टाईपरायटर केबिनमध्ये मागवला. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत आतून एकेक अक्षराचा आवाज येत राहिला. टक. बराच वेळ काही नाही. टक. पलीकडे हजेरीपटावरचे कारकून पेन थांबवून ऐकत होते. कुणी हसत नव्हतं. पत्र तयार झालं आणि पाकिटात घालायला ताईंकडे आलं, तेव्हा त्यांनी ते लाल पेन्सिलीनं तपासलं, चुकांखाली रेघा मारल्या, माझ्या आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं, आणि समासात ‘पुन्हा टाईप करावे’ असं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

या वेळी मात्र साहेब खरोखर चिडले. काचेआडून त्यांचा आवाज थेट वाइंडिंगच्या शेडपर्यंत गेला. “तुम्ही राजीनामा द्या.”

“मी देणार नाही,” ताई म्हणाल्या. “आपण मला काढू शकता. पण त्याचंही पत्र टाईप करावं लागेल.”

वाइंडिंगच्या शेडमध्ये तारा गुंडाळणाऱ्या चाळीसेक बायका होत्या. रिवाज तिथंही तोच, म्हणून त्यातल्या निम्म्या बिनलग्नाच्या होत्या आणि बाकीच्यांनी लग्नं लपवली होती. गळ्यातलं कारखान्याच्या फाटकाशी पिशवीत टाकायचं आणि सुटल्यावर परत घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लग्न झालेल्या सगळ्या बायका गळ्यात काळे मणी घालून कामावर आल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी काम थांबवलं नाही. त्यांना तसं कुणी सांगितलंही नव्हतं; निदान ताईंनी सांगितलं नाही, असं ताई म्हणत. साहेब फेरीला आले, सगळीकडे पाहिलं आणि परत गेले.

माझं पत्र पुन्हा टाईप झालं नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी हिरव्या बांगड्यांनिशी कंपनीच्या बसमध्ये चढले. ताईंनी मला खिडकीजवळ बसवलं आणि म्हणाल्या, “खाली बघायचं नाही. बांगड्या वाजतात, वाजू दे.” फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं आणि सलाम केला.

किंमत ताईंनी दिली. महिन्याभरात त्यांची बदली मागच्या गोडाऊनमध्ये झाली. पगार तोच, हुद्दा कागदावर तोच, पण काम काही नाही. माणसानं कंटाळून आपणहून जावं, अशी ती योजना. ताई गेल्या नाहीत. खोक्यांच्या मधोमध त्यांनी टेबल लावलं, रोज ठरलेल्या वेळी टाईपरायटरवरचं आच्छादन काढलं, ठरलेल्या वेळी घातलं. हळूहळू शेडमधल्या बायका अर्ज लिहून घ्यायला तिथं जाऊ लागल्या. बाळंतपणाची रजा, मुलाच्या शाळेचा दाखला, दारुड्या नवऱ्याविरुद्ध पोलिसात तक्रार. त्यांना बसायला जागा नव्हती म्हणून ताईंनी रिकामी खोकी उलटी मांडली. एका साहेबाची सेक्रेटरी चाळीस बायकांची सेक्रेटरी झाली, आणि पूर्वीपेक्षा कडक झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकीचं सांगितलं तर तक्रारदार बाईला परत पाठवत. तुटलं ते एकच. टेलेक्स वरच्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनबाहेरच राहिला. उर्सुलाला शेवटचं काही कळवता आलं नाही. जेवताना ‘उर्सुला म्हणते’ बंद झालं, आणि सासरे कधीमधी विचारत, “तुझ्या मैत्रिणीचं काय गं, आली नाही बऱ्याच दिवसांत?” ताई म्हणत, “तिकडे कामं जास्त आहेत, बाबा.”

ऐंशीच्या दशकात साहेब बदलले, ताईंच्या जागी मुंबईहून आणलेली सेक्रेटरी कंटाळून परत गेली, आणि ती जागा मला विचारली गेली. मी गोडाऊनमध्ये जाऊन ताईंना सांगितलं. ताईंना परत वर बोलवा असं मी नव्या साहेबांना सुचवलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा बसवला. “ते काही माझ्याच्यानं होणार नाही, कुसुम. माझ्याकडे इथं रांग असते. तू जा. मात्र घरी येऊन केबिनमधलं एक अक्षर मला सांगायचं नाही.” निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघी एकाच बसनं गेलो-आलो, शेजारी शेजारी बसून, आणि त्यांनी मला वरच्या मजल्याबद्दल कधी काही विचारलं नाही. भाज्यांबद्दल बोललो, मुलांच्या अभ्यासाबद्दल बोललो. नवा साहेब कसा आहे हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

शेवटच्या आजारपणात त्या आमच्याकडेच होत्या. बोलणं कमी झालं होतं. बोटं मात्र चादरीवर काहीतरी लिहीत असत. एका दुपारी मी औषध द्यायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वरच्या मजल्याच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा. अजून दिसतो का?”

“नाही, ताई. समोर नवी शेड बांधली. आता पत्रे दिसतात.”

त्यांची बोटं चादरीवर चालत राहिली. “गोडाऊनच्या दारातून दिसायचा,” त्या म्हणाल्या. “पावसाळ्यात तर फारच छान.” मग त्यांना झोप लागली. मी हातातला पेला खाली ठेवला आणि तशीच त्यांच्या पायाशी बसून राहिले.